पोचपावतीचं भांडण : उपग्रहावरच्या इंटरनेटची पार्श्वभूमी

2019 आणि 2021 या दोन महापुरांनंतर कोल्हापुरात पावसाळा तोंडावर आला की उपग्रहावरच्या इंटरनेटचा विषय निघतोच. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की केबलचा आणि टॉवरचा भरवसा राहत नाही. अशा वेळी गच्चीवर एक छत्री (डिश अँटेना) असलेली बरी, हे कुणालाही पटतं. पण ज्यांनी अशी छत्री 2000 नंतरच्या दशकात वापरली, ते लगेच सांगतात, ‘‘लाइन होती हो, वेग नव्हता.’’ हे अर्धंच खरं आहे. वेग होता, संगणकाला तो वापरता येत नव्हता.

मूळ अडचण अंतराची. कोल्हापूर 74 अंश पूर्व रेखांशाला जवळजवळ टेकून आहे आणि सप्टेंबर 2004 मध्ये सोडलेला शैक्षणिक उपग्रह नेमका 74 अंशांवर उभा होता. त्याच्याकडे इथून छत्री वळवायची तर तोंड सरळ दक्षिणेला आणि जमिनीपासून सुमारे 70 अंश वर. तरीही अंतर 36,100 किलोमीटर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. त्यात यंत्रांचा वेळ मिळवला की पिंगचा, म्हणजे जाऊन परत यायच्या वेळेचा, आकडा 600 मिलिसेकंदांच्या आसपास जायचा.

डेटा पाठवण्याचे नियम 1981 मध्ये पक्के झाले. पाठवणाऱ्याने माल मिळाल्याची पोचपावती पलीकडून न येता किती माल रस्त्यावर सोडायचा, याला ‘विंडो’ म्हणतात, आणि तिची कमाल मर्यादा 65,535 बाइट ठरली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर साखर कारखान्याच्या काट्यावरची वजनपावती हातात पडल्याशिवाय ठरावीक गाड्यांपलीकडे एकही गाडी फडातून हलवायची नाही. कारखाना दोन मैलांवर असेल तर हे चालतं. शंभर मैलांवर असेल तर रस्ता कितीही रुंद करा, गव्हाणीत ऊस पडणार नाही.

हिशेब सोपा आहे. 65,535 बाइट आणि 0.6 सेकंद, म्हणजे एका जोडणीला सेकंदाला जेमतेम पावणेनऊ लाख बिट. तेव्हाच्या कित्येक घरगुती संगणकांत तर विंडो 8 किलोबाइटच्या आसपास असायची; तिथे 110 किलोबिटच्या वर काही सरकायचं नाही. गगनबावड्याच्या वाटेवर एका बँकेच्या शाखेत मी हे पाहिलंय. लाइन 512 किलोबिटची, फाइल उतरतेय 100 ने. शाखाधिकारी तक्रारअर्ज लिहायला बसलेले. त्याच यंत्रावर आणखी तीन फाइली एकदम लावल्या, तर चारही प्रत्येकी 100 च्या आसपास उतरायला लागल्या. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, पण ‘‘मग एक लावल्यावर काय होतंय त्याला?’’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

मोठ्या विंडोची सोय 1992 मध्येच नियमात आली होती. पण ती दोन्ही टोकांनी मान्य करावी लागते, आणि शाखेतल्या जुन्या यंत्राच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांत, हात घालायला कोण धजणार? शिवाय 1986 मध्ये इंटरनेट कोंडीने ठप्प झाल्यावर 1988 मध्ये जो उपाय आला, त्यात पॅकेट (डेटाचा एक गठ्ठा) हरवलं म्हणजे रस्ता तुंबला असं धरून वेग पाडायचा ठरला. केबलवर हे बहुतेक खरं असतं. गगनबावड्याच्या पावसात केयू बँडचं, म्हणजे पावसात क्षीण होणाऱ्या लहरींवरचं, पॅकेट हरवतं ते ढगात. रस्ता मोकळाच असतो. तरी संगणक बिचारा दबकून वेग निम्म्यावर आणायचा आणि पुन्हा चढायला दर फेरीला 600 मिलिसेकंद मोजायचा.

यावर जो तोडगा निघाला, त्याच्यावरूनच खरं भांडण आहे. छत्रीखालच्या मोडेमनेच संगणकाला ताबडतोब पोचपावती द्यायची. माल अजून आकाशात चढलेलाही नाही. मग मोडेम आणि पलीकडचं मुख्य केंद्र यांनी आपसात, उपग्रहाला सोसेल अशा वेगळ्या पद्धतीने तो न्यायचा, हरवला तर स्वतःच पुन्हा पाठवायचा. संगणकाला वाटतं, कारखाना शेजारीच आहे.

याला नाव काय द्यायचं, यातच बाजू कळते. विकणारे ‘अॅक्सिलरेशन’ म्हणाले. जून 2001 च्या तांत्रिक दस्तऐवजात ‘कामगिरी वाढवणारा प्रॉक्सी’ (म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा मधला) असं सोवळं नाव आलं. विरोधक ‘स्पूफिंग’ म्हणाले, म्हणजे सरळ बनवाबनवी. आमच्याकडचे जोडणीवाले सगळ्यालाच ‘बूस्टर’ म्हणायचे, आणि ते तर साफ चूक, कारण सिग्नल यात तसूभर वाढत नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की पावती ज्याला माल मिळाला त्यानेच द्यावी. मधल्याने दिली आणि तोच बंद पडला, तर पाठवणारा निर्धास्त आणि माल गायब. जिथे काटामारीवरून आंदोलनं होतात त्या जिल्ह्यात हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. तरी मला वाटतं, मधल्या नाक्यावर कारखान्याचाच जबाबदार माणूस पावती देत असेल तर त्याला खोटी पावती म्हणणं अन्यायाचं आहे. ज्या शाखांमध्ये त्यामुळे दुपारी चारला दिवसाचा हिशेब जुळू लागला, त्यांना तत्त्वाची चर्चा परवडणारी नव्हती.

मात्र एक मर्यादा त्या 2001 च्या दस्तऐवजातही लिहिलेली होती: मजकूर पावत्यांच्याही खालच्या थरात कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केला, तर मोडेमला पावत्या दिसतच नाहीत. बँकांनी कुलूप लावलं आणि बूस्टर एका रात्रीत मेला. मग आधी प्रॉक्सी, नंतर कुलूप, असा क्रम लावून यंत्रं शाखेच्या आतल्या बाजूला सरकवावी लागली. 2021 मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या डेटा पाठवण्याच्या नव्या नियमावलीने तर पावत्याही कुलपात टाकल्या, आणि त्यात कुलूप आधी की नंतर हा प्रश्नच उरला नाही. म्हणजे ज्यांनी 20 वर्षं स्पूफिंग म्हणून नाक मुरडलं, त्यांच्या मनासारखं झालं. भुर्दंड उंचावरच्या उपग्रहांवरच्या ग्राहकाला पडला.

आता चर्चा आहे ती 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांची. फेरी 50 मिलिसेकंदांच्या आतबाहेर, त्यामुळे पावतीचा जुना घोळ बराचसा आपोआप सुटतो. पण हे उपग्रह एका जागी उभे राहत नाहीत. यांतल्या सगळ्यात मोठ्या जाळ्यात तर छत्रीची वाटणी दर 15 सेकंदांनी नव्याने होते, तेवढ्यात अंतर बदलतं, एखादं पॅकेट गळतं, आणि 1988 चा तो नियम पुन्हा म्हणतो, रस्ता तुंबला.