डिकीतली दुसरी बॅटरी: आधी वायर मोजा

इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसतात. इंजिन बंद करून काही तासांनी पुन्हा मोजलं, तर चांगली भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. सगळं चार्जिंग या एक-दीड व्होल्टच्या फरकावर चालतं. कॅम्पिंगला जाताना डिकीत जादा बॅटरी ठेवणारे विचारतात ती किती एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण किती) घ्यावी. तिच्यापर्यंत जाणारी वायर किती जाड हवी, हे फार थोडे विचारतात. मला हा प्रश्न आधीचा वाटतो.

बॉनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर अंतर धरू. करंट जाणार आणि परतही येणार, म्हणजे 10 मीटर तांबं. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर तिचा रोध जवळपास 0.07 ओहम भरतो. त्यातून 20 अँपिअर जाऊ लागले, की 1.4 व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. चार्जिंगसाठी हाताशी होता तोच एवढा दाब! अशा वायरीवर बॅटरी चार्ज होतच नाही असं नाही, पण करंट आपोआप घटत जातो आणि मुक्काम आला तरी बॅटरी अर्धवटच भरलेली असते. वर 28 वॅटची उष्णता गालिच्याखालच्या त्या वायरीतून निघत राहते. तेच अंतर 16 चौरस मिलिमीटरच्या केबलने जोडलं, तर घट 0.2 व्होल्टवर येते.

12 व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून ही वीज गरीब वाटते. पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणात लालबुंद होतो, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर सहज देते. काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवायचं ते यासाठीच. घरात वीज एका बाजूने येते. इथे वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे पत्र्याच्या धारेवर घासून आवरण फाटलं, तर दोन्हीकडचा करंट त्या एका जागी धावतो. फ्यूज एकाच टोकाला असेल, तर तो उडाल्यावरही दुसऱ्या टोकाची बॅटरी वायर तापवतच राहते. म्हणून फ्यूज दोन हवेत, प्रत्येक बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजचा आकडा वायर किती सोसते त्यावरून ठरवायचा. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज घातला, की त्याच्या जागी वायर जळते.

रात्री तंबूतला फ्रिज चालला आणि सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही, ही या जोडणीतली नेहमीची फजिती. स्टार्टर मोटरला क्षणभर का होईना, 150-200 अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तुटायला हव्यात. व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, हे काम करतो: साधारण 13.3 व्होल्टच्या वर जोडतो, 12.8 च्या आसपास तोडतो. जुन्या गाडीत, दोन्ही बॅटऱ्या लेड-अ‍ॅसिड असतील, तर एवढं पुरतं. नव्या अनेक गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) मधूनमधून आपलं व्होल्टेज खाली आणतो. मग गाडी धावत असतानाच रिले जोडणी सोडून देतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गंमत वेगळी. तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की ती मिळेल तेवढा करंट ओढून घेते. अल्टरनेटरवर 100 अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो तासन्‌तास तेवढं देण्यासाठी बनवलेला नसतो. इंजिन मंद चालत असताना त्याचा पंखाही मंद फिरतो आणि आतली वेटोळी तापतात. त्यात बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने अचानक जोडणी तोडली, तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. इथे डीसी-डीसी चार्जर लागतोच. तो 20 किंवा 30 अँपिअर अशा ठरलेल्या मर्यादेच्या फार पुढे ओढत नाही आणि येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बॅटरीला हवं तेवढंच देतो. लेड-अ‍ॅसिडसाठीही मी तोच निवडेन.

तापमानाची बंधनंही आहेत. शून्य अंशांखाली लिथियम बॅटरी चार्ज केली, तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्यावर धातूच्या रूपात साचतं. क्षमता कायमची घटते, पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. वरची मर्यादा बहुतेक उत्पादक 45 अंशांच्या आसपास देतात. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो. पॉवर बँक तिथे चार्जिंगला लावून फिरायला जाऊ नये.

पाण्याच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत 14.4 व्होल्टच्या पुढे पाण्याचं विघटन वाढतं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं, की एक ठिणगी पुरते. अशी बॅटरी माणसं बसतात त्या बंद जागेत नको. ठेवायचीच तर हवाबंद पेटीत, जिची नळी गाडीबाहेर निघते. सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर बॅटरी जास्त चार्ज होतेय: इंजिन बंद, दारं उघडी, आणि वास जाईपर्यंत टर्मिनलला हात नाही. शिवाय 100 एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी 25 ते 30 किलोची असते. जोरात ब्रेक लागला की ती पुढे येते, तेव्हा पट्ट्याने गाडीच्या सांगाड्याला बांधलेलीच बरी.

मुक्कामावर इंजिन नुसतं चालू ठेवून चार्जिंग करण्याचा मोह होतो. मंद इंजिनावर अल्टरनेटर पूर्ण ताकदीने वीज देत नाही, आणि लेड-अ‍ॅसिडचे शेवटचे 20 टक्के भरायला काही केलं तरी कित्येक तास लागतात. तेवढा वेळ तंबूशेजारी कार्बन मोनॉक्साइड सोडत बसायचं, त्याला ना रंग ना वास.

मुळात एवढं सगळं हवंय का, ते हिशेबाने ठरतं. 5 वॅटचा दिवा पाच तास म्हणजे 25 वॉट-अवर. मोबाइलचं एक चार्जिंग साधारण 15. दोन माणसांची रात्र 60 मध्ये भागते. लायटर सॉकेट 10 अँपिअर देत असेल, तर 120 वॅट. प्रवासातच रात्रीपुरती वीज पॉवर बँकेत जमू शकते, बॉनेटमधल्या एकाही वायरीला हात न लावता. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या जादा सेलसाठी थेट 12 व्होल्टवर किंवा यूएसबीवर चालणारे चार्जर मिळतात. इन्व्हर्टर लावून आधी 230 व्होल्ट करायचे आणि चार्जरने ते पुन्हा खाली आणायचे, यात दोन्ही वेळा वीज वाया जाते. फ्रिज आला की गणित बदलतं: दिवसाला 300-400 वॉट-अवर. 100 एएचच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून, तिचं आयुष्य राखायचं तर, निम्मे म्हणजे 600 वापरता येतात. दीड दिवस फ्रिज चालेल, मग गाडी पुन्हा रस्त्यावर काढावी लागेल.