दोन सोन्याच्या खाणी आणि न सापडलेलं द्रव्य

डिसेंबर 2025मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातून एक बातमी आली. लीड नावाच्या लहानशा गावाखाली, जमिनीपासून 4,850 फूट खोल, ‘एलझेड’ नावाचा प्रयोग चालतो. दहा टन द्रवरूप झेनॉन (हा एरवी वायू) आणि त्याकडे डोळे लावून बसलेली यंत्रणा. तिथल्या शास्त्रज्ञांनी 417 दिवसांच्या नोंदी चाळल्या आणि कृष्णद्रव्य, म्हणजे ‘डार्क मॅटर’, दिसलं नाही असं जाहीर केलं. काही सापडलं नाही याचीही बातमी होते, याची बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल. पण या क्षेत्रात गेली चाळीसएक वर्षं बहुतेक बातम्या याच चालीवर आहेत. दर वेळी यंत्र आधीपेक्षा मोठं, आजूबाजूची शांतता आधीपेक्षा गाढ, आणि उत्तर तेच.

आधी नावाबद्दल. ‘कृष्णद्रव्य’ हा शब्द कानाला छान लागतो, पण थोडा फसवा आहे. हे द्रव्य काळं नाही. काळी वस्तू प्रकाश गिळते. हे तो गिळतही नाही, परतवतही नाही आणि स्वतः देतही नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो. खरं तर ‘अदृश्य द्रव्य’ म्हणायला हवं होतं, पण रूढ झालं ते झालं. त्याला जबाबदार फ्रिट्झ झ्विकी. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या या स्विस खगोलशास्त्रज्ञाने 1933 साली ‘कोमा’ या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या जोरात फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर तो समूह केव्हाच विस्कटायला हवा होता. म्हणजे धरून ठेवणारं आणखी काहीतरी तिथे असणार. त्याने त्याला जर्मनमध्ये ‘डुंकलं माटेरिये’ म्हटलं. त्याचा आकडा फार फुगलेला होता, कारण दीर्घिकांची अंतरंच तेव्हा चुकीची धरली जात. पण मुद्दा खरा होता, आणि तो पुढची चाळीस वर्षं जवळपास पडून राहिला.

तो उचलला गेला व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांमुळे. सूर्यमालेत जो ग्रह जितका दूर तितका तो संथ: पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर जाते, नेपच्यून साडेपाचच्या आत. दीर्घिकेच्या कडेचे तारेही असेच रेंगाळत असतील, अशी सगळ्यांची समजूत. 1970 साली रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजून प्रसिद्ध केले. कडेला वेग उतरतच नव्हता, म्हणजे इथेही न दिसणारं काहीतरी ताऱ्यांना धरून होतं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी दीर्घिकेमागून दीर्घिका मोजल्या, रेडिओ दुर्बिणींनीही तेच सांगितलं, आणि मग वाद घालण्यात अर्थ उरला नाही. आजचा हिशोब असा: विश्वात आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम 5 टक्के, कृष्णद्रव्य सुमारे 27 टक्के, उरलेली कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढवणारं एक वेगळंच कोडं.

आकाशातला हा प्रश्न कणभौतिकीवाल्यांच्या दारात आला तो 1980च्या सुमारास. हे द्रव्य कणांचं असेल तर ते आपल्या आसपासही असणार. प्रोटॉनच्या शंभरपट जड कण धरला, तर पाण्याच्या एका तांब्यात कोणत्याही क्षणी असे तीनेक कण असतील, आणि ते सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने आरपार निघून जात असतील. एखादा तरी कधीतरी अणूच्या केंद्रकावर आपटेल आणि त्या धक्क्याची खूण मिळेल, इतकीच आशा. अडचण अशी की जमिनीवर बाकीचा गोंगाट प्रचंड. अवकाशातून येणाऱ्या किरणांतून तयार झालेले म्युऑन नावाचे कण पसरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशोबाने जात असतात. त्या कल्लोळात ही कुजबुज ऐकू येणं शक्य नाही. म्हणून खाली जायचं.

खाली जाण्याची वाट मात्र कृष्णद्रव्यवाल्यांनी पाडली नाही. ती आधीच मळलेली होती, आणि ती मळवणाऱ्यांत मुंबईची माणसं होती.

1951 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. होमी भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्युऑन मोजायला पाठवलं. (केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, म्हटलं की आता लोकांना सिनेमाच आठवतो, पण या खाणीचा हा इतिहास जास्त विलक्षण आहे.) पुढच्या दहा-बारा वर्षांत मोजणी खोल खोल जात राहिली. शेवटच्या, सर्वांत खोल मुक्कामी यंत्रं सुमारे दोन महिने चालू ठेवली आणि एकही म्युऑन आला नाही. दुसऱ्या कुणाला हे अपयश वाटलं असतं. या मंडळींच्या लक्षात आलं, की आपल्याला पृथ्वीवरची एक अत्यंत शांत खोली सापडली आहे आणि इथे न्यूट्रिनो नावाचे, सहसा कशालाच न अडणारे कण पकडता येतील.

युक्ती साधी होती. न्यूट्रिनो कशातूनही जातो. क्वचित खडकात आपटला तर त्यातून म्युऑन निघतो. वरून येणारा म्युऑन साधारण उभाच येणार. आडवा म्युऑन यायचा तर त्याला कित्येक किलोमीटर खडक ओलांडावा लागेल, जे अशक्य. तेव्हा शोधकयंत्रं भिंतीसारखी उभी करायची आणि आडव्या रेघांची वाट पाहायची. टाटा संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून 2.3 किलोमीटर खोलीवर हे केलं, आणि 1965 साली त्यांना वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो मिळाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइन्स यांचा गटही याच मागावर होता. त्यांची पहिली नोंद आधीची. पण निबंध आधी छापून आला तो कोलारचा, 15 ऑगस्ट 1965च्या अंकात. तारीख योगायोगाची आहे, पण सांगायचा मोह आवरत नाही.

कोलारची एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. 1970च्या दशकात तिथे काही विचित्र नोंदी मिळाल्या: दोन-तीन रेघा एका बिंदूतून फुटलेल्या, आणि तो बिंदू खडकात नाही तर खडक आणि यंत्र यांच्यामधल्या हवेत किंवा यंत्राच्या पातळ भागात. जणू एखादा जड कण वाटेत फुटला असावा. प्रवेगकांवर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणाऱ्या यंत्रांवर, तसा कण शोधला गेला, मिळाला नाही. 2014 साली एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘प्रमाण’ या नियतकालिकात लिहिलं, की या नोंदी फुटणाऱ्या कृष्णद्रव्याच्या असू शकतात का हे पाहायला हवं. निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे, आणि ते तिथे असणंच योग्य. मूठभर नोंदींवर यापलीकडे काही बांधता येत नाही. पुन्हा मोजायचं म्हटलं तर ती जागा उरलेली नाही: प्रयोग 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आटोपले, 28 फेब्रुवारी 2001ला खाण बंद झाली आणि बोगद्यांत पाणी चढलं.

आता दुसरी खाण. लीड गावची होमस्टेक खाणही सोन्याचीच. 1960च्या दशकात रेमंड डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञाने तिथे 4,850 फुटांवर एक गुहा खोदून घेतली आणि सुमारे 3,80,000 लिटरची टाकी बसवली. आत परक्लोरोएथिलीन, म्हणजे ड्राय-क्लीनिंगवाले वापरतात तेच. सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आपटला की त्याचा अरगॉन होतो. किती? दोन दिवसांत जेमतेम एक अणू. टाकीतून हेलियम घोळवून हे मोजके अणू वेगळे काढायचे आणि मोजायचे, हा उद्योग डेव्हिस पंचवीसेक वर्षं करत राहिला. हिशोबाप्रमाणे मिळायला हवेत त्याच्या तिसरा हिस्साच न्यूट्रिनो मिळत होते. लोक म्हणत, मोजणी चुकत असणार. चूक मोजणीत नव्हती. न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते. डेव्हिसला 2002 साली नोबेल मिळालं तेव्हा त्याचं वय 87 होतं.

याच होमस्टेक खाणीत कृष्णद्रव्याचा प्रत्यक्ष शोध सुरू झाला. 1985 साली मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन या भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं, की केंद्रकाला बसणारा धक्का मोजता येईल. 1987 साली होमस्टेकमध्ये आधीपासून दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या जर्मेनियमच्या शोधकातल्या नोंदींवरून पहिला निकाल आला: काही नाही. पण काही नाही म्हणजे किती नाही, हेही कळलं. अमुक वजनाचा, अमुक इतका आपटणारा कण असता तर तो दिसला असता. दिसला नाही, म्हणून तो बाद. पुढचा सगळा इतिहास या बाद करण्याचा आहे.

त्यात एक ठसठशीत अपवाद. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली ‘डामा’ गटाने सोडियम आयोडाइडचे स्फटिक लावले आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस सांगितलं, आम्हाला खूण मिळाली. सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती. जूनमध्ये दोन्ही वेगांची बेरीज होते, डिसेंबरमध्ये वजाबाकी. वाऱ्याच्या तोंडाने सायकल मारली की वारा जास्त लागतो, तसे जूनमध्ये कण जास्त आपटायला हवेत. डामाच्या नोंदी वीस वर्षांहून जास्त काळ अशाच वर-खाली होत राहिल्या. पण ऋतूंप्रमाणे तापमानही बदलतं, म्युऑनही कमी-जास्त होतात. झेनॉनच्या प्रयोगांना यातलं काहीच दिसत नव्हतं. तुमच्याकडे झेनॉन, आमच्याकडे स्फटिक, असा बचाव डामाकडे शिल्लक होता. मग स्पेनमध्ये ‘अनाइस’ आणि दक्षिण कोरियात ‘कोसाइन’ यांनी तेच स्फटिक वापरून मोजलं, आणि त्यांना ती लय सापडली नाही. डामाच्या नोंदी नेमक्या कशाने हलतात हे कोडं राहिलं, पण कृष्णद्रव्याचा दावा आता फार थोडे लोक धरून आहेत.

होमस्टेकमधलं सोनं काढणं 2002पर्यंत थांबलं. 2003मध्ये पंप बंद झाले आणि कोलारसारखंच तिथेही पाणी चढू लागलं. फरक इथे पडला. खाणमालक कंपनीने जागा राज्याला दिली, डेनी सॅनफर्ड या धनिकाने सात कोटी डॉलर दिले, पाणी उपसलं गेलं आणि डेव्हिसची गुहा रुंद करून 2012 साली तिथे ‘लक्स’ प्रयोग बसला. एलझेड हा त्याचाच थोरला वारस. आपल्याकडे तमिळनाडूतली न्यूट्रिनो वेधशाळा स्थानिक विरोधात आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली. झारखंडच्या जादुगुडा युरेनियम खाणीत 550 मीटरवर 2017पासून एक लहान प्रयोगशाळा आहे आणि तिथे कृष्णद्रव्यावर काम चालतं. कोलारची खोली ती नव्हे. एक शांत खोली आपण बुडू दिली, याची हळहळ वाटते ती वाटतेच.

एलझेडच्या आत काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. झेनॉन उणे शंभर अंशांच्या आसपास द्रव ठेवलेला. एखादा कण आपटला की तिथे अतिनील प्रकाशाची बारीक लुकलुक होते. सोबत काही इलेक्ट्रॉन सुटतात. विद्युतक्षेत्र त्यांना वर ओढून नेतं आणि पृष्ठभागावरच्या वायूत दुसरी, मोठी लुकलुक होते. दोहोंमधल्या वेळेवरून खोली कळते, दोहोंच्या प्रमाणावरून आपटलं ते केंद्रकावर की इलेक्ट्रॉनवर हे कळतं. अगदी मंद प्रकाश ओळखणाऱ्या 494 नळ्या हे टिपतात. एका केळ्यात पोटॅशियममुळे सेकंदाला पंधराएक अणू फुटतात. इथे तसलं केळं म्हणजे गोंधळच. म्हणून स्क्रू, वायर, वेल्डिंग सगळं आधी किरणोत्सारासाठी तपासलेलं, झेनॉनमधला क्रिप्टॉन कोळशातून गाळून काढलेला, आणि भोवती पाण्याची भलीमोठी टाकी.

माणसाच्या मनातल्या गोंगाटावरही उपाय आहे. सापडावं असं वाटलं की सापडल्यासारखं दिसतं. म्हणून नोंदींमध्ये संगणक गुपचूप काही खोट्या घटना मिसळतो. विश्लेषण पूर्ण होईपर्यंत खऱ्या कुठल्या, खोट्या कुठल्या हे कुणालाच ठाऊक नसतं. याला तिथे ‘मीठ टाकणं’ म्हणतात. शब्द खाणीतूनच आलेला: पूर्वी लबाड विक्रेते रिकाम्या खाणीत सोन्याची पूड पेरून गिऱ्हाईक गाठत, त्याला हे नाव होतं. जुनी ठकबाजी आता प्रामाणिकपणासाठी कामाला लावली आहे.

इतकं करूनही एक गोंगाट दगडाने थांबत नाही. सूर्यात बोरॉन-8 हा अणू फुटताना निघणारे न्यूट्रिनो झेनॉनच्या केंद्रकाला अगदी हलका धक्का देतात, आणि तो धक्का हलक्या वजनाच्या कृष्णद्रव्याने दिलेल्या धक्क्यासारखाच दिसतो. 2024 साली इटलीतल्या झेनॉन-एनटी आणि चीनमधल्या पांडा-एक्स या प्रयोगांना त्याची पहिली चाहूल लागली. कणभौतिकीवाले याला न्यूट्रिनोंचं धुकं म्हणतात. डिसेंबर 2025च्या एलझेडच्या निकालात कृष्णद्रव्य नव्हतं, पण हे धुकं होतं, आधीच्या दोघांपेक्षा जास्त स्पष्ट. डेव्हिसच्या टाकीत जे न्यूट्रिनो अरगॉन करत होते, त्यांतले बहुतेक बोरॉन-8चेच. ज्यांच्यासाठी त्याने एकेक अणू मोजला ते आता त्याच गुहेत न बोलावता आले आहेत, आणि या वेळी त्यांना हिशोबातून वजा करायचं काम शास्त्रज्ञांच्या मागे लागलं आहे.