टॉप २ टक्के शास्त्रज्ञ आणि एच-इंडेक्सचा चौरस

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेपरात आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी फिरते, 'स्टॅनफोर्डच्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत आपले अमुक सर', मग फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ होतं. सरांचं कौतुक व्हायलाच हवं, पण हा स्टॅनफोर्ड या अमेरिकन विद्यापीठाने दिलेला पुरस्कार वगैरे नाही हो. तिथले जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपस या संशोधनाच्या डेटाबेसवरून कोणाच्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, म्हणजे सायटेशन किती, हे मोजतात आणि सहा आकडे एकत्र करून क्रमवारीची भलीमोठी एक्सेल फाईल काढतात. निवड समिती नाही, अर्ज नाही.

त्या सहातला एक एच-इंडेक्स, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचंय, कारण तो दिसायला भोळा आणि आतून एकदम डांबिस आहे. २००५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो मांडला. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे, आणि जितका क्रमांक निदान तितके सायटेशन असलेला शेवटचा पेपर शोधायचा, त्याचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा एका बाईंचे पाच पेपर आहेत, सायटेशन १००, ४०, ६, ३ आणि १. तिसऱ्या पेपरला निदान ३ आहेत ना? आहेत, ६ आहेत. चौथ्याला निदान ४? नाही, ३च. संपलं, एच-इंडेक्स ३.

आता गंमत बघा. पहिल्या पेपरला उद्या आणखी हजार सायटेशन मिळाले तरी इंडेक्स ३च राहणार, पण चौथ्या पेपरला फक्त एक मिळालं की ४! कागदावर पेपरचे उभे खांब काढा, सायटेशन जितके तितकी उंची, उंच खांब डावीकडे, आणि त्यात बसेल तो सगळ्यात मोठा चौरस काढा, त्याची बाजू म्हणजे एच-इंडेक्स. चौरस म्हटला की वर्ग आलाच, बाजू १० ची ११ करायची तर क्षेत्रफळ १०० चं १२१ होतं, म्हणजे चौरसात २१ सायटेशनची भर पडायला हवी, २० ची २१ करायची तर ४१ ची. हिर्शला दिसलं की एकूण सायटेशन साधारण इंडेक्सच्या वर्गाच्या ३ ते ५ पट असतात, म्हणून इंडेक्स दुप्पट व्हायला सायटेशन चौपट लागतात, आणि चौरसाच्या वर किंवा उजवीकडे जे उरतं ते हिशोबात येतच नाही.

याचा फटका कोणाला? ऑलिव्हर लाउरींचा १९५१ चा प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा पेपर ३ लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय, एच-इंडेक्समध्ये तो मोजला जातो फक्त एक. उलट हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला ५ हजारांहून जास्त लेखक, आणि प्रत्येकाच्या खात्यात तो अख्खा एक. गणितात माणसं कमीच पेपर लिहितात, त्यांचा आकडा बायोलॉजीवाल्यांशी लावणं म्हणजे पत्रिकेतले ३६ पैकी गुण बघून लग्न ठरवणं, आकडा आला की विचार करायचं काम वाचतं. खुद्द हिर्शनेही २०२० मध्ये लिहिलं की या मापाचे दुष्परिणाम गंभीर आहेत.

आणि वरच्या उदाहरणातल्या चौथ्या पेपरला ते एक सायटेशन स्वतःच पुढच्या पेपरात देता येतंच की! आयोनिडिसांच्या फाईलमध्ये सेल्फ-सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही क्रम दिलेले असतात, पण फ्लेक्सवर कुठला येतो देव जाणे. २०१० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी आइक अँटकेअर नावाचा अस्तित्वातच नसलेला शास्त्रज्ञ उभा केला, एका प्रोग्रामकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहून घेतले, सगळे एकमेकांना सायटेशन देणारे, आणि ते इंटरनेटवर टाकले. गूगल स्कॉलर या गूगलच्या शोधनिबंध शोधणाऱ्या सेवेने ते इमानेइतबारे मोजले, एच-इंडेक्स आला ९४, आइन्स्टाइनपेक्षा जास्त. स्कोपस जर्नलं निवडून घेतं, त्यामुळे तिथे हे इतकं सोपं नाही, आणि म्हणूनच एकाच माणसाचा गूगल स्कॉलरवरचा आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा मोठा दिसतो, बायोडेटात कुठला टाकतात हे सांगायला नकोच.