स्वप्नांना कच्चा माल कुठून मिळतो?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असं आपण म्हणतो. पण मनात नेमकं काय वसलंय, हे आपल्याला तरी पुरतं ठाऊक असतं का?

हार्वर्डमधले संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड एकदा अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात डोंगर चढून आले. रात्री डोळा लागतोय तोच त्यांना आपण पुन्हा खडक धरून चढतोय असं जाणवलं. याचा छडा लावायला त्यांनी टेट्रिस हा खेळ निवडला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे. २७ जणांना तीन दिवसांत मिळून सात तास तो खेळायला लावला आणि झोप लागताना काय दिसतं, ते विचारलं. निम्म्याहून अधिक जणांना ठोकळे पडताना दिसले. टेबल, खोली, कीबोर्ड मात्र दिसला नाही. पूर्वीपासून खेळणाऱ्या काहींना तर जुन्या आवृत्तीतले ठोकळे दिसले.

या २७ जणांत पाच स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस भागाला इजा झाल्यामुळे नवी घटना त्यांच्या लक्षात राहत नसे. दर वेळी त्यांना खेळ नव्याने शिकवावा लागे. तरीही पाचपैकी तिघांनी झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे, फिरणारे आकार दिसल्याचं सांगितलं. ते कशाचे, हे त्यांना सांगता येईना! २००० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आजही थक्क करतो. ‘मी हे केलं’ अशी आठवण नसतानाही त्या अनुभवाचा ठसा मेंदूत कुठेतरी उरतो आणि झोप तो वर काढते.

गाढ रात्रीच्या स्वप्नांत हा माल आणखी मिसळतो. २००३ मध्ये स्टिकगोल्ड यांच्याच संशोधक गटाने जवळपास ३०० स्वप्नं तपासली. जागेपणीच्या अनुभवांचे तुकडे बहुतेकांत होते, पण घडलेला प्रसंग जसाच्या तसा जेमतेम एक-दोन टक्के स्वप्नांत सापडला. म्हणजे शाळेचा वर्ग, ऑफिसातले साहेब आणि गावाकडची विहीर एकाच स्वप्नात येऊ शकतात. डोळे भराभर हलतात त्या ‘रेम’ झोपेत मेंदूतला भावनांशी निगडित अमिग्डाला हा भाग जोरात काम करतो, तर तर्क आणि शहानिशा करणारा कपाळामागचा भाग मंदावतो. म्हणून साहेब विहिरीत पोहत असले तरी आपल्याला वावगं वाटत नाही. भीती किंवा लाज मात्र अगदी खरी वाटते.

म्हणूनच ‘दात पडला की घरातलं कुणी जाणार’, ‘साप दिसला की धनलाभ’ असले ठरावीक अर्थ मला पटत नाहीत. साप सर्पमित्राच्या स्वप्नात वेगळा आणि शेतात सर्पदंश झालेल्याच्या स्वप्नात वेगळा. आजारी आईची काळजी घेणाऱ्या मुलीला दात पडल्याचं स्वप्न पडावं आणि शेजारणीने तिला त्याचा असा अर्थ सांगावा, यात क्रौर्य आहे. त्यापेक्षा स्वप्नात काय वाटलं आणि तसंच हल्ली जागेपणी कधी वाटतंय, हे तिला विचारावं.

तेच ते दुःस्वप्न वारंवार छळत असेल, तर त्यावर उपायही आहे. जागेपणी ते स्वप्न हवं तसं बदलून लिहायचं आणि रोज काही मिनिटं ती नवी गोष्ट डोळ्यांसमोर आणायची. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरचा बॅरी क्राकोव यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने त्या स्त्रियांची दुःस्वप्नं कमी झाली आणि झोपही सुधारली. असा आघात मागे असेल, तर हा सराव मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीनेच सुरू करावा.