नॅचरल क्रीम घेताय? आधी डबा उलटा करून मागची यादी वाचा

हे माहितीपत्रक आम्ही प्रत्येक पार्सलसोबत ठेवतो, कारण मेसेजवर तेच तेच प्रश्न येतात आणि ते प्रश्न खरंच महत्त्वाचे आहेत. तुम्ही आमचंच प्रॉडक्ट घ्या असं नाही, कुणाचंही घ्या, पण यादी वाचून घ्या.

डब्यावर 'नॅचरल' लिहिलंय यावरून आत काय आहे ते कळत नाही. बऱ्याच ठिकाणी कॉस्मेटिकसाठी या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाहीये, अमेरिकेच्या एफडीएनेसुद्धा केलेली नाही. 'केमिकल फ्री' पण तसंच, पाणीसुद्धा केमिकलच आहे. यादीत ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात, फक्त 1 टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात, त्यामुळे पुढे मोठा गुलाब छापलाय आणि मागे गुलाबाचं नाव पार शेवटी परफ्युमच्या आसपास आलंय तर तो बहुतेक नावापुरताच आहे. आणि अवघड नाव दिसलं की लगेच घाबरू नका, वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये लिहायची पद्धत आहे. कोकोस न्युसिफेरा म्हणजे नारळ, टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, तुम्ही नॅचरलवाले ना, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला घालता? तर ज्या वस्तूत पाणी आहे, म्हणजे क्रीम, लोशन, टोनर, कोरफड जेल, त्यात बॅक्टेरिया आणि बुरशी वाढणारच, आणि बऱ्याचदा वास रंग काही न बदलता वाढतात, त्यामुळे तुम्हाला कळत पण नाही. स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया अशा खराब झालेल्या क्रीममध्ये सापडतो आणि तो डोळ्यात किंवा फाटलेल्या त्वचेत गेला तर गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. व्हिटॅमिन ई घातलंय म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नको असं काहीजण सांगतात, ते चूक आहे, व्हिटॅमिन ई तेल खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना अडवत नाही. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टचं पण असंच, त्याचे काही नमुने तपासले तेव्हा त्यात बेंझेथोनियम क्लोराइडसारखी सिंथेटिक जंतुनाशकं निघाली, म्हणजे काम तीच करत होती.

आम्ही टोनरमध्ये सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरतो. ही जोडी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 5 च्या आसपास किंवा त्याच्या खालीच नीट चालते म्हणून प्रत्येक बॅचचा पीएच बघावाच लागतो. क्रीममध्ये फेनॉक्सीइथॅनॉल आहे, युरोपात त्याची मर्यादा 1 टक्का आहे, आम्ही त्याच्या आतच राहतो. मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह आम्ही कशातच घालत नाही, त्याने इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी झाली की युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये त्यावर बंदी आली. नुसतं तेल किंवा बाम असेल, पाणी अजिबात नसेल, तर प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, पण ओल्या बोटाने काढू नका, कोरडा चमचा ठेवा.

इसेन्शियल ऑइल, म्हणजे तीव्र वासाचं सुगंधी तेल, झाडातून येतं म्हणून हवं तितकं लावा असं करू नका प्लीज. लॅव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्यामधलं लिमोनीन, हे हवेत राहून ऑक्सिडाइझ होतात आणि तेव्हा अ‍ॅलर्जीची शक्यता खूप वाढते, म्हणजे जुनी अर्धी बाटली नव्यापेक्षा जास्त त्रास देते. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये हे घटक 0.001 टक्क्याच्या वर असतील तर नाव लिहावंच लागतं, म्हणून यादीच्या शेवटी ही नावं दिसली तर तो प्रामाणिकपणा समजा, पण तुमची त्वचा नाजूक असेल तर ते प्रॉडक्ट सोडून द्या. बर्गमॉट आणि कोल्ड प्रेस्ड लाइमच्या तेलात फुरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे चट्टे येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. चेहऱ्यासाठी एरवीचं इसेन्शियल ऑइल 1 टक्का पुष्कळ झालं, म्हणजे 30 मिली साध्या तेलात साधारण 6 थेंब. लिंबू थेट चेहऱ्यावर चोळणं पण बंद करा, त्याचा पीएच 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या आसपास, आग होणारच ना.

आणि कुठलंही तेल सनस्क्रीन नसतं, एवढं लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि आठवड्यात गोरं करणाऱ्या क्रीमची. अशा क्रीममध्ये पारा किंवा क्लोबेटासोल, बीटामेथासोनसारखी स्टेरॉइड सापडलेली आहेत आणि लेबलवर बऱ्याचदा त्यांचं नावच नसतं. पारा किडनीला इजा करतो आणि टॉवेल, उशी, हात यांच्यातून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतो. यादीत कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड (म्हणजे पाराच) दिसलं, किंवा यादीच नसेल, तर घेऊ नका. अशी क्रीम बरेच दिवस लावत असाल आणि सोडल्यावर चेहरा लाल होऊन जळजळत असेल तर घाबरून परत तीच लावू नका, डबा घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, कसं थांबवायचं ते तेच सांगतील.

नवीन काहीही, आमचं असलं तरी, आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा 7 ते 10 दिवस लावून बघा, एका रात्रीत कळत नाही कारण अ‍ॅलर्जी उशिरा पण उठते. धुऊन टाकायची वस्तू असेल तर नेहमी ठेवता तेवढाच वेळ ठेवून धुवा. खाज, पुरळ आली तर धुऊन टाका, वापर थांबवा आणि डब्याच्या तळाचा बॅच नंबर आम्हाला कळवा, त्या बॅचचा नमुना आमच्याकडे ठेवलेला असतो, तो आम्ही तपासून बघतो.