तपकिरी म्हणजे सालीचं नव्हे

पोळ्याआधी बैलाच्या घुंगरांसाठी वर्ध्याच्या बाजारातून पट्टा आणला. "नॅचरल चामडं आहे," दुकानदार म्हणाला. रंग मस्त तपकिरी. घरी टोक छाटलं, तर मधोमध निळसर राखाडी रेघ! म्हणजे झाडाच्या सालीनं नव्हे, क्रोमियम या धातूच्या क्षारांनी कमावलेलं क्रोमचं चामडं, वरून रंगवलेलं. त्याला दोष देत नाही. त्यालाही बहुधा ठाऊक नसावं.

सालीचं असो की क्रोमचं, सुरुवात दोघांची एकच. सोललेलं ते कातडं, कमावलेलं ते चामडं. मीठ लावायचं, भिजवायचं, चुन्यात ठेवून केस काढायचे, आतलं मांस खरवडायचं. वाट फुटते ती यानंतर.

सालीच्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा चघळला की तोंड आवळून येतं ना, तसंच तो कातडं आवळतो. तुरटपणा देणारं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं, मग ते कुजत नाही. काढा आधी पातळ, मग हळूहळू दाट. पहिल्याच दिवशी दाट ओतला तर वरचा थर आवळून बसतो आणि गाभा कच्चाच राहतो. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगत आणि आत साल-काढा भरत. तो थेंब थेंब पाझरे, खाली धरलेला पुन्हा वर ओतायचा. या कामाला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिने.

क्रोमचं काम एखाद्या दिवसात आटोपतं. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने या रीतीचं पेटंट घेतलं. आज क्रोमियमचे क्षार फिरत्या पिंपात घालतात, कातडं निळसर होऊन निघतं. जगातलं बहुतेक चामडं आता याच वाटेनं येतं.

ओळखायचं कसं? आधी कापलेली कड बघा. मग गंजका खिळा व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवून त्या पाण्याचा थेंब चामड्याच्या रंग न चढवलेल्या बाजूवर टाका. सालीचं असेल तर काळाभोर डाग पडतो. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, तोच हा प्रकार. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला तर सालीचं चामडं आकसून वळतं, चांगलं क्रोमचं तसंच राहतं.

मग सालीचं ते स्वच्छ आणि क्रोमचं ते घाण, असं म्हणावं का? इतकं सोपं नाही. क्रोमियम सगळं शोषलं जात नाही, उरलेलं सांडपाण्यात जातं, हे खरंच. पण सालीच्या कुंडीतलं लालसर पाणी नाल्यात सोडलं तर तिथला प्राणवायू तेही खातं. मीठ आणि चुना तर दोन्हीकडे. शिवाय उभ्या बाभळीची साल भोवताली सोलली की झाड वाळतं. साल घ्यावी ती जळणासाठी तोडलेल्या लाकडाची.

कातडं कमावण्याचा हा धंदा गावात परत आणू म्हणणाऱ्यांना वर्धा नवं नाही. 1934 च्या डिसेंबरात इथेच गांधीजींचा अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचं चर्मालय चालवलं. आणि त्याच काळात बाबासाहेब सांगत होते, मेलेली ढोरं ओढणं सोडा. मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. 'परंपरा जपू' म्हणणारा एक आणि कुंडीत हात घालणारा दुसराच, असं असेल तर ते पुनरुज्जीवन नको. त्यातही मे महिन्याच्या उन्हात कातडं काही तासांत बिघडतं. ढोर मेल्याबरोबर सोलून मीठ लावणारं माणूस हवं आणि त्याला त्याचे चोख पैसे.

माल कोणता करावा, हे मात्र माझ्या मनात स्पष्ट आहे. जाड आणि ताठ लागतं ते सगळं: पट्टे, चपलेचे तळ, कोयत्याची म्यानं. मऊ बुटांत क्रोमशी झुंजू नये.

पट्टा परत केला नाही. घुंगरं त्यातच ओवली. पोळ्याच्या दिवशी सपाटून पाऊस आला, बैल चिंब झाले. सालीचा पट्टा वाळल्यावर लाकडासारखा ताठला असता, तेल चोळत बसावं लागलं असतं. हा दुसऱ्या दिवशी होता तसाच मऊ.