आयुष संशोधनासाठी केंद्राचे अनुदान: प्रस्ताव कोणी द्यायचा, कागद कोणते, अडते कुठे

आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांतल्या संशोधनासाठी आयुष मंत्रालय बाहेरच्या संस्थांनाही पैसे देते. २०२१-२२ पासून हे काम ‘आयुर्ज्ञान’ योजनेखाली चालते. अनुदान मिळते ते संस्थेला, वैद्याला व्यक्तिशः नाही. त्यामुळे स्वतःचा दवाखाना असलेल्यांनी आधी एखादे महाविद्यालय किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था गाठावी.

प्रस्तावासोबत संस्थाप्रमुखाचे संमतीपत्र, संशोधकांची माहिती, वर्षवार अंदाजपत्रक आणि नैतिकता समितीची (रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासणाऱ्या समितीची) मंजुरी तयार ठेवा. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधीच पाहा. स्वयंसेवी संस्थेला दर्पण क्रमांक, म्हणजे सरकारच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, लागतो.

प्रस्तावाचा सगळ्यात कच्चा भाग बहुतेक वेळा औषधाचे वर्णन असतो. ‘गुळवेल काढा, ४० मिलि’ एवढ्याने काहीच कळत नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग खोड, कुठून आणि कधी गोळा केले, वनस्पतितज्ज्ञाचा दाखला, हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्याचा क्रमांक, काढ्याची कृती हे सगळे लिहा. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वेल आहे. तिच्या खोडावर गाठी असतात, कापल्यावर दुधी चीक येतो. ती मिसळली तर अख्खा अभ्यास वाया जातो. जड धातूंचा अहवालही जोडा: शिसे १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यांच्या आत हवे.

पदव्युत्तर प्रबंधात चालले म्हणून इथेही ३० रुग्ण धरू नका. संख्या कशी काढली ते दाखवा, आणि गळती (मध्येच अभ्यास सोडणारे रुग्ण) धरताना भागाकार करा: शेवटी ८० रुग्ण हवेत आणि २० टक्के गळतील असे वाटत असेल, तर १०० घ्यावे लागतात, ९६ नव्हे. संख्याशास्त्रज्ञ सहसंशोधक म्हणून सुरुवातीपासून सोबत असावा.

क्रमही महत्त्वाचा. नैतिकता समितीची मंजुरी, मग सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी, त्यानंतरच पहिला रुग्ण. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. एक रुग्ण जरी आधी घेतला तरी दुरुस्तीला वाव नाही. रुग्णाचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्याच्या भाषेत हवे.

पैसे आल्यावर उपकरणांची रक्कम परवानगीशिवाय पगाराकडे वळवू नका. खात्यावरचे व्याज सरकारला परत जाते. विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) नमुना १२-अ मध्ये द्यायचे, आणि ते अडले की पुढचा हप्ताही अडतो.